छताच्या वरच्या बाजूनं

रोलिंग मिल बघायला पाहुणे आले की त्यांना भट्टीच्या तोंडाशी नेतात. दार वर उचललं जातं, पिवळा-पांढरा झोत अंगावर येतो, तापलेलं बिलेट रोलरवर येऊन पडतं आणि पाहुणे दोन पावलं मागे सरतात. आत त्या बिलेटांच्या डोक्यावर ३० टन विटा लोखंडी आकड्यांना टांगलेल्या आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. माझी नोकरीतली बहुतेक वर्षं या विटा टांगण्यात गेली. कागदपत्रांत त्याला सस्पेंडेड रूफ म्हणतात, शॉपमध्ये नुसतं रूफ. बांधकामातला इंजिनिअर छत उभारतो आणि विसरतो. आमचं छत रोज आतून जळत असतं आणि वरून थंड राहिलं तरच टिकतं. एवढंच माझं सगळं शिक्षण. ते अंगात मुरायला मात्र खूप वर्षं लागली.

ज्यांनी भट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. बिलेट म्हणजे पोलादाचा लांबट चौकोनी ठोकळा. तो १२०० ते १२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की रोलमधून काढून त्याची सळई, अँगल, चॅनेल करता येतात. हे तापवण्याचं काम रीहीटिंग फर्नेसमध्ये होतं. एका टोकाकडून पुशर थंड बिलेटं ढकलत राहतो, दुसऱ्या टोकाला बर्नर असतात, आणि ढकलत ढकलत तापत आलेलं बिलेट शेवटी सोकिंग झोनमध्ये आतपर्यंत एकसारखं होऊन बाहेर पडतं. अशी एक मध्यम भट्टी धरा : ४ मीटर रुंद, १२ मीटर लांब. म्हणजे ४८ चौरस मीटर छत. ६० टक्के अ‍ॅल्युमिनाची वीट घनमीटरला साधारण अडीच टन भरते. छताची जाडी २३० मिलिमीटर ठेवली तर चौरस मीटरला पावणेसहाशे किलो. आकडे, क्लिपा, वरचा किरकोळ माल धरून एकूण ३० टनांच्या घरात.

पूर्वी हे छत कमानीचं असायचं, आणि लहान भट्ट्यांत आजही असतं. कमानीत प्रत्येक वीट शेजारच्या विटेवर रेलते आणि सगळ्यांचा भार शेवटी दोन्ही बाजूंच्या तिरक्या स्क्यू विटांवर जातो. तो भार खाली जाण्यापेक्षा बाहेर जास्त ढकलतो. ४ मीटर रुंदीची, अर्धा मीटर उंचावणारी कमान घेतली तर भट्टीच्या लांबीच्या प्रत्येक मीटरमागे जवळजवळ अडीच टनांचा आडवा रेटा येतो. तो पेलायला बाहेरून जाड बकस्टे, म्हणजे लोखंडी खांब, उभे करायचे, वरून टाय रॉडनं एकमेकांना जखडायचे. भट्टी तापू लागली की कमान फुगून वर उचलते. तेव्हा टाय रॉडचे नट अंदाजानं सैल करत जावं लागतं. जास्त सैल झाले तर कमान बसते, कमी झाले तर विटांचे काठ चिरडतात. जुने फोरमन हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. रुंदी वाढली, तापमान वाढलं, की कमानीचं गणित हाताबाहेर जातं. म्हणून सपाट छत आलं. त्यात प्रत्येक विटेला किंवा दोन-तीन विटांच्या जुळणीला वरच्या बीमवरून स्वतःचा आकडा. बाजूच्या भिंतीवर रेटा नाही, रुंदीला मर्यादा नाही, आणि एखादी वीट खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

भोसरीला भट्ट्या बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी डिप्लोमा करून लागलो तेव्हा हे सगळं पुस्तकातून वाचलेलं होतं. तिथले मुख्य ड्राफ्ट्समन निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे काका म्हणायचे. पहिल्याच कामात मी नेहमीच्या सवयीनं भट्टीचा उभा छेद काढायला घेतला. ते मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, खालून कुणीही काढेल. आधी छतावर चढून काढ." मग त्यांनी मला वरून दिसणारं चित्र काढायला लावलं : आधी बीम, बीमवर पाइप किंवा अँगल, त्यावर आकडे, आकड्यांना विटा. प्रत्येक विटेला नंबर. आकडा अडकवताना माणसाचा हात कुठून शिरेल, हातोडा कुठे फिरेल, हे ते पेन्सिलीनं माझ्या कागदावर दाखवत. बर्नरच्या वर किती विटा येतात यापेक्षा बीमखाली हात घालायला जागा किती राहते याची त्यांना जास्त काळजी. त्या वेळी मला हे म्हातारपणाचं खूळ वाटायचं. पुढे साइटवर छताखालच्या परांचीवर उभ्या असलेल्या मिस्त्रीला वीट वर धरताना आणि वरच्या माणसाला आकडा अडकवताना पाहिलं, तेव्हा काकांच्या पेन्सिलीचा अर्थ कळला.

विटेचं म्हणाल तर तिला टांगून घेणं मुळीच आवडत नाही. भाजलेली माती दाबाखाली मजबूत, ताणाखाली कच्ची. दर चौरस सेंटिमीटरला चार-पाचशे किलोचा दाब सहन करणारी वीट ताण मात्र त्याच्या लहानशा हिश्शाइतकाच सोसते. आणि टांगायचं म्हटलं की विटेच्या वरच्या भागात खाच करून तिथं क्लिप बसवावी लागते. म्हणजे सगळं वजन खाचेखालच्या दोन खांद्यांवर. आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेल्या आकारात त्या खाचेचा कोपरा काटकोनी होता. एकदा विटा बनताना पाहायला वांकानेरला गेलो होतो. प्रेसवाल्यानं साच्यातून नुकतीच सुटलेली ओली वीट हातात देऊन कोपऱ्यावर बोट ठेवलं. केसाएवढी रेघ होती. हिंदी-गुजराती मिसळून तो जे म्हणाला त्याचा सारांश असा की, इथं माती नीट दबत नाही. ही रेघ भट्टीत भाजून निघते, पण जात नाही. उद्या तुमच्या आकड्यावर ती उघडते. आम्ही कोपऱ्याला गोलाई दिली, खांदा थोडा जाड केला. साच्याचा खर्च वाढला म्हणून ऑफिसात बरीच कुरकुर झाली. खांद्यातून तुटणाऱ्या विटांच्या तक्रारी त्यानंतर जवळजवळ बंद झाल्या. वीट काढणाऱ्यानं वीट घडताना पाहिली पाहिजे, हे मी पुढे प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो. किती जण गेले ते वेगळं.

त्याच भेटीत आणखी एक समजलं. आपण कागदावर आकार वाढवत जातो : कडेची वीट, कोपऱ्याची वीट, बर्नरजवळची वीट, निमुळती वीट. प्रत्येक आकाराला वेगळा साचा, वेगळा ढीग. भाजताना प्रत्येकाचं आक्रसणं थोडं वेगळं, त्यामुळे एकाची लांबी दीड-दोन मिलिमीटर जास्त, दुसऱ्याची कमी. साइटवर ट्रक उतरला की मिस्त्री हे ढीग बघून कपाळाला हात लावतो. बारापैकी आठ आकार कमी करता आले तर छत स्वस्तही होतं आणि सरळही बसतं. चार महिन्यांनी एखादी वीट बदलायची वेळ आली तर स्टोअरमध्ये ती सापडण्याची शक्यताही वाढते.

आता प्रसरणाचं. विटा तापल्या की वाढतात हे शाळेतलं ज्ञान, पण छतात ते विचित्र रूप घेतं. १२ मीटर लांबीच्या छताची आतली बाजू १२५० अंशांना ७५-८० मिलिमीटर वाढू पाहते. त्याच छताची वरची बाजू ३०० अंशांच्या आसपास असते, ती जेमतेम १५-२० मिलिमीटर वाढते. आणि ज्या बीमला सगळं टांगलंय तो हवेत उभा, तो फारसा वाढतच नाही. म्हणून दर सव्वा-दीड मीटरला फट ठेवायची आणि आकडे असे ठेवायचे की ते थोडे डुलू शकतील. फटीत पुठ्ठा किंवा सिरॅमिक फायबर. पुठ्ठा जळून जातो, जागा उरते.

ड्रॉइंगवर हे सगळं नीट लिहिलेलं असतं. साइटवर मिस्त्रीचा हात वेगळं शिकलेला असतो. भिंत बांधताना सांधा जितका बारीक तितका कारागीर मोठा, हे त्याच्या रक्तात असतं. आठ मिलिमीटरची उघडी फट बघून त्याला लाज वाटते. एका साइटवर मी दुपारी पोहोचलो तेव्हा एका तरुण मिस्त्रीनं सगळ्या फटी फायरक्लेच्या मॉर्टरनं इतक्या सुरेख भरल्या होत्या की वर रंग दिला तर भिंत वाटावी. त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता, कारण त्यानं आपल्या परीनं उत्तम काम केलं होतं. त्याला घेऊन शेजारच्या बंद भट्टीवर गेलो. तिथं मधल्या विटा वर उचलल्या जाऊन एकमेकींच्या काठांवर चढल्या होत्या. तो बराच वेळ बघत राहिला, मग स्वतःच छिन्नी घेऊन खाली उतरला. त्यानंतर मी ड्रॉइंगवर फटीच्या जागी ‘एक्स्पान्शन जॉइंट’ एवढंच न लिहिता ‘ही फट भरू नये’ असं मराठीत आणि हिंदीत लिहू लागलो. ऑफिसात काहींना ते गावठी वाटलं.

मिस्त्र्यांकडून मी शिकलो त्याचा हिशेब लावणं कठीण आहे. त्यातले एक नागपूरकडचे, भिलाईला ओपन हार्थ भट्ट्यांवर काम करून आलेले. विटांची थप्पी आली की ते एकेक वीट डाव्या हातावर घेऊन करणीच्या दांड्यानं हलकेच वाजवायचे, कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तसं. टणटणीत आवाज आला की उजवीकडे, बद्द आला की डावीकडे. "कागद राहू द्या साहेब, वीट काय म्हणते ते ऐका नं," असं म्हणायचे. लॅबचा रिपोर्ट थप्पीतल्या चार विटांचा असतो, त्यांचा रिपोर्ट सगळ्यांचा. ओपन हार्थच्या छतात मॅग्नेसाइट-क्रोमच्या विटांना पत्र्याचं वेष्टण असायचं, ते त्यांनीच सांगितलं. तो पत्रा तापून गंजतो, विटेतल्या मॅग्नेशियाशी मिसळतो आणि दोन विटांना एकत्र धरून ठेवतो. जे लोखंड जळून जाणार हे ठाऊक आहे, त्याच्या जळण्याचाच उपयोग करून घ्यायचा, ही युक्ती मला फार आवडली. आमच्या छतात मात्र उलटं होतं. आमचं लोखंड जळून चालणार नव्हतं.

इथं माझ्या कामाला खरी कलाटणी देणारा प्रसंग येतो. जालन्याकडची एक मिल. फर्नेस ऑइलचे भाव चढत चाललेले. मॅनेजर हुशार आणि हिशेबी माणूस. त्यानं छतावर हात धरून पाहिला आणि म्हणाला, इथून माझे पैसे उडताहेत. त्याचं म्हणणं बरोबर होतं. उघड्या छतातून दर चौरस मीटरला सहा-साडेसहा किलोवॉट उष्णता जाते. ४८ चौरस मीटरला ३०० किलोवॉटच्या वर, म्हणजे तासाला पंचवीस-तीस लिटर तेल केवळ शेडचे पत्रे तापवायला. त्यानं सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट आणलं आणि छतावर सगळीकडे अंथरलं. विटांवर, क्लिपांवर, आकड्यांवर. तेलाचा खप लगेच उतरला. त्यानं फोन करून आनंदानं सांगितलं. ऐकून मी ताबडतोब ब्लँकेट काढायला सांगितलं. त्याला वाटलं, कंपनीला आपली अक्कल सहन होत नाही. काही महिन्यांनी रात्रपाळीत सोकिंग झोनवरचा दोन-तीन चौरस मीटरचा तुकडा आत कोसळला. कुणाला इजा झाली नाही, पण मिल पंधरवडाभर बंद राहिली.

पडलेले आकडे मी टेबलावर मांडले. १२ मिलिमीटरची साधी सळई. एका आकड्यावर भार वीस किलोंचा. थंड असताना तीच सळई चार टनांपेक्षा जास्त पेलते. दोनशेपट ताकद हाताशी असताना ती तुटली कशी, असं मॅनेजरनं विचारलं आणि प्रश्न रास्त होता. उत्तर ब्लँकेटखाली होतं. उघड्या छताची वरची बाजू ३०० अंशांच्या आसपास राहते. तिच्यावर ५० मिलिमीटर ब्लँकेट टाकलं की विटेची पाठ ९०० अंशांच्या वर जाते आणि तिच्यात गुंतलेलं लोखंडही तितकंच तापतं. त्या तापमानाला साधं पोलाद पापुद्रे सोडत झिजतं आणि उरलेलं हळूहळू लांबत जातं. टेबलावरचे आकडे मधून निमुळते झाले होते, काही पेन्सिलीएवढे. वाया जातेय असं दिसणारी ती उष्णताच आकड्यांना जिवंत ठेवत होती.

पण तासाला पंचवीस लिटर तेल हेही खरंच होतं. ‘ब्लँकेट टाकू नका’ असं सांगून आमची सुटका होणार नव्हती. त्या मिलचं नवं छत आम्ही वेगळं काढलं. टांगायची वीट शेजारच्या विटांपेक्षा उंच केली. खालच्या विटांच्या पाठीवर इन्सुलेशनचा थर आणि त्या थरातून टांगणाऱ्या विटांची डोकी वर निघालेली. खाच त्या डोक्यात, क्लिप आणि आकडा मोकळ्या हवेत. उष्णतेचा मोठा भाग अडला आणि लोखंडही थंड राहिलं. जगभर अशी छतं आधीपासून होत होती. आमच्या ऑफिसात ती पोहोचायला एक छत पडावं लागलं. त्याबरोबर आम्ही बीमवर पत्र्याची पाटी लावायला सुरुवात केली : ‘या रेषेच्या वर काहीही अंथरू नये.’ खर्च शंभर रुपयांचाही नव्हता. माझ्या मते आमच्या कंपनीनं केलेली ती सर्वांत मोलाची सुधारणा.

या प्रसंगानंतर छत पडलं की मी आधी वर चढू लागलो. बुटाचा तळ मऊ होईपर्यंतच उभं राहता येतं, पण तेवढ्यात पुष्कळ दिसतं. एका मिलमध्ये विटा निकृष्ट म्हणून पुरवठादाराचे पैसे अडवलेले. वर गेलो तर सांध्यांतून निळसर जिभा बाहेर येत होत्या आणि बीमचा खालचा काठ काळपट लाल. म्हणजे भट्टीच्या आतला दाब जास्त होता. गरम वायू हलका असतो. भट्टीत उंचीच्या दर मीटरमागे दाब साधारण एक मिलिमीटर पाण्याइतका वाढत जातो. बिलेटांच्या पातळीवर दाब किंचित अधिक ठेवायचा, नाहीतर दारांतून थंड हवा शिरते आणि पोलादावर स्केल, म्हणजे ऑक्साइडचा पापुद्रा, चढतं. पण तिथंच तो दोन-तीन मिलिमीटर झाला तर छताशी त्याहून जास्त होतो आणि ज्वाळा प्रत्येक फट शोधते. शोध घेतला तेव्हा चिमणीकडे जाणाऱ्या फ्ल्यूमध्ये राखेचा ढीग साचलेला आणि डँपर, म्हणजे तिथली झडप, अर्ध्यावर अडकलेला सापडला. फ्ल्यू साफ केला, त्याच विटांवर भट्टी पुढे नीट चालली. विटा पुरवणाऱ्याचे पैसे मिळाले की नाही ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी मालकानं हौसेनं सगळे आकडे आणि क्लिपा ३१० ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या करून घेतल्या. २५ टक्के क्रोमियम, २० टक्के निकेल, कॅटलॉगमध्ये उत्तम. त्या भट्टीत गंधकाचं प्रमाण जास्त असलेलं तेल जळत होतं, बर्नर नीट न लावल्यानं धूर काळा, आणि छताच्या फटींतून तो वर येत होता. अशा वायूत निकेल गंधकाशी जोडला जातो आणि ते मिश्रण साडेसहाशे अंशांच्या आसपासच वितळू लागतं. महागड्या क्लिपा काठांनी खाल्ल्यासारख्या झाल्या. त्या जागी जास्त क्रोमियमचं, निकेल जवळजवळ नसलेलं ओतीव लोखंड लावलं, आणि आधी बर्नर दुरुस्त केले. धातू महाग असला की सुरक्षित असतो, हा समज खरेदी विभागात फार पक्का असतो. तो घालवायला आकृत्या पुरत नाहीत, खाल्लेली क्लिप टेबलावर ठेवावी लागते.

महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षं आली तेव्हा छतांचं आयुष्य निम्म्यावर आलेलं मी पाहिलं. वीज गेली की मिल थांबते, ब्लोअर थांबतात, भट्टी निवते. वीज आली की पाळी भरून काढायची घाई, म्हणून बर्नर पूर्ण उघडायचे. विटेचा आतला थर झपाट्यानं तापतो, मागचा थंडच असतो, आणि दोन-तीन इंच जाडीच्या चकत्या सुटून खाली पडतात. शिवाय निवताना फटी उघडतात, त्यांत स्केलची आणि कोळशाच्या राखेची धूळ बसते. पुन्हा तापताना विटांना वाढायला जागाच उरत नाही. त्या काळात आम्ही मिलवाल्यांना एकच गोष्ट परोपरीनं सांगत होतो : वीज गेली तरी डँपर बंद करा, दारं बंद ठेवा, भट्टीची ऊब टिकवा, आणि चढवताना घाई करू नका. भट्टी आठवडाभर बंद राहिली तर छत तितकंसं बिघडत नाही, जितकं रोज दोनदा निवण्यानं बिघडतं.

पुढे कास्टेबल आलं. सिमेंटसारखं पाणी घालून ओतायचं, सांधे नाहीत, साचे नाहीत, वांकानेरची वाट बघायला नको. आम्हा विटावाल्यांना वाटलं, संपलं आपलं. पण ओतलेला थरही कुठे तरी टांगावा लागतोच. तो सिरॅमिक अँकर विटांना धरून राहतो आणि त्या विटा आकड्यांना टांगलेल्या. म्हणजे वरची बाजू होती तशीच राहिली. नवं शिकायला लागलं ते वाळवणं. कमी सिमेंटचं कास्टेबल घट्ट असतं, आतलं पाणी सुटायला मार्ग अरुंद. ११० अंशांपासून साडेतीनशेपर्यंत अगदी सावकाश, टप्प्याटप्प्यानं थांबत, तासाला पंचवीस-तीस अंशांहून जास्त न चढवता न्यावं लागतं. एका ठिकाणी लग्नाच्या मुहूर्तासारखी उत्पादन सुरू करण्याची तारीख छापून झाली होती, मंत्री येणार होते. वाळवणीचे दोन दिवस कापले गेले. पहिल्याच रात्री बंदुकीसारखा आवाज झाला आणि छताचा तुकडा वाफेनं उडाला. मंत्री आले, त्यांनी नारळ फोडला, भट्टी थंडच होती.

फोर्जिंगच्या आणि हीट ट्रीटमेंटच्या बऱ्याच भट्ट्यांत आता छताला फायबरचे हलके मॉड्यूल लावतात. सळई करणाऱ्या अनेक मिल सतत ओतून निघालेलं गरम बिलेट थेट रोलिंगला नेतात, त्यांना रीहीटिंग भट्टीच लागत नाही. इंधन वाचतं, त्याचा मला आनंद आहे. विटा टांगण्याची मागणी कमी झाली आणि त्या वाजवून बघणारे मिस्त्रीही कमी झाले. पण जिथं राख, स्केल आणि सतत १२५० अंश आहेत तिथं वीट अजून आहे आणि पुढेही काही काळ राहील.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना मी तीन गोष्टी सांगतो. संगणकावर भट्टीच्या आतलं तापमान रंगीत दिसतं, ते जरूर बघा, पण आकड्याचं तापमान वेगळं काढून लिहा आणि ते ड्रॉइंगवर छापा. जे भरू नये, झाकू नये, घट्ट करू नये, ते तिथल्या कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहा. आणि छत सुपूर्द केल्यावर सहा महिन्यांनी एकदा स्वतः जाऊन त्यावर चढा. तोवर कुणी ना कुणी त्यात काही तरी बदललेलं असतं, आणि त्यांनी ते का बदललं यातच तुमच्या पुढच्या छताची सुधारणा असते.

मिलमालकांना मात्र एकच विनंती. तेलाचा खप एकदम उतरला असं दिसलं तर पेढे वाटण्याआधी कुणाला तरी शिडी लावून छतावर पाठवा आणि आकडे उघडे आहेत ना, ते बघून घ्या.